अंथरूण नाहीतर ड्रम

सोमवार, दुपार

धाकटे,

पत्र पेन्सिलीने लिहिलंय म्हणून चिडू नकोस. उताणं पडून लिहिताना पेनाची शाई उतरत नाही. आयुष्यभर एवढं वाचलं, पण ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आहे. सकाळी दोरीवरचे कपडे काढताना एक चिमटा पडला, लाकडी, बोटाएवढा. उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. उसण हा शब्द फारच सभ्य आहे गं. आत कुणीतरी मूठ आवळली आणि सोडायचं विसरून गेलं. खोकले की मूठ घट्ट. हसले की घट्ट. चिमटा अजून समोरच पडलाय. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींचे भारे उपसून मी म्हातारी व्हायला आले, आणि मला आडवं केलं ते चिमट्याने. हे चिमट्याचं कुणाला सांगू नकोस. कुणाला म्हणजे कुणाला, ते तुला कळतंय.

दाराला आतून कडी आहे, वरची. ती काढायची तर उभं राहायला हवं, आणि उभं राहायचं तर ही मूठ सुटायला हवी. समोरच्या काकू खिडकीच्या गजांतून चहा देतात. त्यांनी सुताराला बोलवून दार फोडायचं म्हटलं. मी नको म्हणाले. दार फोडून जिला बाहेर काढलं, तिचं शुक्रवारी कोण ऐकेल?

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी भाषण करते आणि तू फोन ठेवतेस. कागद ठेवलास तरी तो बोलतच राहतो.

शुक्रवारी कामगार आयुक्तांपुढे सुनावणी आहे. मी टेबलाच्या अलीकडे, तू पलीकडे, धुलाईखाना चालवणाऱ्या कंपनीची तज्ज्ञ म्हणून. त्यांना आमची पाठरजा बंद करायची आहे. कंबर धरली की काम बंद आणि पूर्ण विश्रांती, हा हक्क आम्ही इस्पितळाच्या फाटकाबाहेर उन्हातान्हात बसून मिळवलाय. आणि तो मोडायला त्यांनी हत्यार काढलं ते तुझ्या तोंडचं: "कंबर धरलेल्या बाईला झोपवून ठेवू नका, हिंडूफिरू द्या, लवकर बरी होते." ते वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत फलकावर लावलं. मी फाटकावर उभी राहून म्हणाले होते, "जी डॉक्टरीण दुखणाऱ्या बाईला उठवते, ती माझी बहीण आहे हे मी आजपासून विसरले." तू गर्दीच्या मागे उभी होतीस, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून तू आली नाहीस.

ते वाक्य मी परत घेत नाही. ती सभा होती, आणि सभेत जे बोलले ते मनापासून बोलले.

पण शुक्रवारी मला उभं राहायचंय. बसून बोललेलं माझं एकही भाषण नाही, आडवं पडून तर नाहीच. आमच्याकडचा डॉक्टर गोळी देईल आणि पडून राहा म्हणेल. पडून राहायला मला डॉक्टर नको. मला उभं करणारं माणूस हवंय, आणि माझ्या ओळखीत ते एकच आहे.

काकू तुझ्या दवाखान्यावरूनच जातात. उत्तर त्यांच्याकडे दे.

ताई


मंगळवार, दुपार

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. औषधाच्या बाटलीवरसुद्धा यापेक्षा जास्त माया छापलेली असते.

प्रश्नांची उत्तरं आधी. लघवी नीट होते. कशी होते, ते काकू, एक टमरेल आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत आणि तिथेच राहू दे. मांड्यांच्या मध्ये बधिर नाही. पायात जोर आहे, अंगठा वर-खाली होतो. ताप नाही. यातलं काही असतं तर दार फोडून सरळ इस्पितळात जा, असं तू ठळक अक्षरांत लिहिलंस. वाचून मला बरं वाटलं, कारण तू घाबरलीस.

मग तू सांगितलंस तसं केलं. पोटऱ्या खुर्चीवर, गुडघे काटकोनात, पाठ फरशीला. गरम पाण्याची पिशवी काकूंनी गजांतून सरकवली. पोट फुगवून श्वास घ्यायचा आणि सोडताना कंबर फरशीला टेकू द्यायची. दाबायची नाही, टेकू द्यायची. "जबरदस्ती करू नकोस, स्नायूला पटवायचं असतं," असं तू लिहिलंस. मला पटवायला शिकवतेस? आख्खी पाळी काम बंद करून बाहेर आणली होती मी! पण ही मूठ काही माझ्या भाषणांना बधेना. म्हणून मी गप्प बसले आणि नुसता श्वास घेतला. बराच वेळ. आणि तिचं एक बोट उघडलं, धाकटे. एकच बोट, पण उघडलं.

मला रडू आलं, पण रडताना दुखतं, म्हणून थांबले.

नेमका त्याच वेळी डोकावण्या आला. तुझ्या कंपनीचा तो तपासनीस. पाठरजेवरची बाई खरोखर अंथरुणावर आहे का, हे बघत दारोदार फिरतो. नियमात शब्द तसाच आहे, "अंथरुणावर". बाई उभी दिसली की रजा रद्द. त्याने खिडकीला नाक लावलं आणि वही काढली.

"बाई, तुम्ही अंथरुणावर नाही आहात."

"मग कुठे आहे?"

"फरशीवर. पाय खुर्चीवर आहेत. याला काय म्हणतात, ते आमच्याकडे लिहिलेलं नाही."

मी हात लांब करून भिंतीला टेकवलेली गादी खेचली. ती धप्पकन माझ्या पोटावर पडली. मी किंचाळले, तोही किंचाळला.

"आता बघा," म्हटलं, "मी अंथरुणावर नाही, पण अंथरूण माझ्यावर आहे. चालेल?"

त्याने पेन्सिल चाटली, विचार केला आणि लिहिलं, "अंथरुणाच्या संपर्कात." काकू जिन्यात बसून हसत होत्या. मला हसता येईना, म्हणून मी त्याला शिव्या दिल्या.

आता पुढचं सांग. आणि चिठ्ठीवर निदान "ताई" तरी लिही. रुग्ण म्हणून पत्र घ्यायची सवय नाही मला.

ताई


बुधवार, सकाळ

धाकटे,

चिठ्ठीवर "ताई" नव्हतं. "ऊठ आणि चाल," एवढंच.

तुला ठाऊक आहे मी काय केलं? काही नाही. पडून राहिले. हट्टाने. पाठरजा म्हणजे विश्रांती, विश्रांती म्हणजे पडणं, आणि ते मी मिळवलंय, तर मी ते घेणारच. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत इंचभर हलले नाही. आणि ते उघडलेलं बोट परत मिटलं. शिवाय त्याने बाकीच्यांनाही बोलावलं. आता मूठ कंबरेत आहे, मांडीच्या मागे आहे, मानेतही आहे. अंग लाकडाचं झालंय. छतावरचा एक डाग मला तोंडपाठ झाला. या खोलीच्या भिंती रोज थोड्या आत सरकतात असं वाटायला लागलं. दार बंद, कडी वर, खाली मी.

त्यात माझी जोडीदारीण खिडकीशी आली. धुलाईखान्यात आम्ही जोडीने भारा काढतो, एक टोक तिचं, एक माझं. कामावर तिला सगळ्या ढोली म्हणतात. ती लुकडी आहे म्हणूनच म्हणतात. डबा गजांतून देता देता म्हणाली,

"कशी आहेस?"

"पडलेय."

"पडूनच राहा हो. त्या वेणीवालीचं काय झालं आठवतंय ना? रजेवर असताना सात घरं सोडून नळावर गेली, तर डोकावण्याने धरलं. मी पाठरजेवर होते तेव्हा त्याच्या भीतीने खाट सोडली नाही. परत कामावर आले तेव्हा वाकता येईना, सरळ होता येईना. नवरा म्हणाला, तुला उभी ठेवू की आडवी, ते एकदा ठरव."

"आणि मग?"

"मग काय? मशीनच्या ड्रमजवळ उभी केली मला. पहिल्याच भाऱ्याला कंबर परत गेली."

ती हसत सांगत होती. मला मात्र छतावरचा डाग दिसेनासा झाला.

आम्हाला दोनच जागा ठेवल्यात, धाकटे. अंथरूण नाहीतर ड्रम. मधे काही नाही. मधे एखादं अंगण असेल, रस्ता असेल, सावकाश चाललेली बाई असेल, तर तिला चोर म्हणतात. रजा मिळाली म्हणून मी गुलाल उधळल्यासारखी नाचले होते, आणि तिच्यात खाटेला बांधायची दोरी कुणी विणली हे कुणी पाहिलंच नाही.

तेव्हा मी उठले. तू लिहिलंस तसंच. आधी गुडघे जवळ, मग ओंडक्यासारखं एकाच वेळी कुशीवर, मग कोपर, मग तळहात, पाय खाली सोडत बसणं. सरळ उठायचं नाही. उठतानाच्या त्या क्षणी डोळ्यांपुढे काय चमकलं ते लिहीत नाही. भिंत धरून उभी राहिले. घामाने भिजले. फाटकावर "मोडू पण वाकणार नाही" म्हणणारी मी, ओट्याला धरून काटकोनात वाकलेली. तू पूर्वी एकदा म्हणाली होतीस, वाकायला शिक ताई, म्हणजे मोडणार नाहीस. तेव्हा मी तुला घाबरट म्हटलं होतं.

मग कडी काढली. हात वर नेताना आई आठवली. पण काढली.

आता ऐक, कारण आता मी भांडणार आहे.

तुझं बरोबर आहे. झोपवून ठेवू नका, हे बरोबर आहे. माझ्या हाडामांसाने सही केलीय त्यावर. पण ते अर्धं वाक्य आहे, आणि अर्धं वाक्य बोलणारा माणूस पुरतं खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा असतो, मालकाच्या! "हिंडूफिरू द्या" असं तू म्हणतेस, आणि ते ऐकतात "ड्रमजवळ उभी करा". दुसरं अर्धं तू कधी बोललीस? हे दुखणं मुळात येतं कुठून?

तू दवाखान्यात बायका तपासतेस. कोरड्या, अंघोळ केलेल्या, स्टुलावर बसलेल्या. आमच्या मोठ्या मशीनसमोर एक खांब आहे. इमारत आधी बांधली, मशीन नंतर आणलं, त्यामुळे खांब ड्रमच्या तोंडासमोर आला. ढकलगाडी समोर लागतच नाही, बाजूला लागते. म्हणजे गुडघ्याच्या उंचीच्या तोंडात वाकायचं, दोरखंडासारखा पिळलेला ओला भारा ओढायचा आणि वाकलेलं असतानाच कंबरेतून वळून गाडीत टाकायचा. दिवसभर. मला चिमट्याने नाही पाडलं. घागर काठोकाठ भरलेली होती, चिमटा नुसता वरचा थेंब.

आम्ही मशीन फिरवून मागतोय, तळ आपोआप वर येणारी गाडी मागतोय. ते म्हणतात, बायकांना नीट वाकायचं शिकवा. त्या खांबाला वळसा घालून नीट वाकणारी बाई अजून जन्माला यायची आहे!

तू म्हणशील, मला कुणी विचारलंच नाही. विचारणार नाहीतच. तेवढ्यासाठीच तुला नेमलंय.

हे सुनावणीत सांग म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, तुझी पोरगी शिकतेय, मला सगळं दिसतं. मी फक्त म्हणते, जाऊन एकदा खांब बघ.

ताई


गुरुवार, संध्याकाळ

धाकटे,

आज मी रस्त्यावर चालले. आधी जिन्यापर्यंत, परत येऊन पाठ टेकली, पिशवी घेतली. मग खाली घराच्या फाटकापर्यंत. मग चांभाराच्या टपरीपर्यंत. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, दुखणं वाढायच्या आधी थांबायचं, पण दुखेल म्हणून थांबायचं नाही. हा तुझा नियम मी उद्या भाषणात चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

चांभार म्हणाला, "बाई, चाल बदलली तुमची. पूर्वी मोर्चासारख्या चालायच्या, आता वरातीसारख्या चालताय."

टपरीशीच डोकावण्या भेटला. त्याने मला पाहिलं, मी त्याला. खरं सांगते, पायाला आपोआप घराकडे वळावंसं वाटलं. गादीखाली घुसावंसं वाटलं. एवढी वर्षं लोकांना न घाबरायला सांगत आले, आणि एका वहीला बघून माझी कंबर परत आवळली. मग मी पोट फुगवून श्वास घेतला आणि तिथेच उभी राहिले.

"बाई, तुम्ही उभ्या आहात."

"दिसतंय ना? मग लिहा."

"लिहिलं तर तुमची रजा जाईल. उद्या सुनावणीत हाच कागद दाखवतील. नेतेच सोंग करतात म्हणतील." बिचारा हळू आवाजात म्हणाला, "मी आज या गल्लीत आलो नाही, असं म्हणू शकतो."

धाकटे, क्षणभर मोह झाला. पण त्याने मला न पाहण्याची मेहेरबानी केली, तर वेणीवालीला पाहिलं त्याचं काय?

"लिहा," मी म्हटलं. "उभी होती, चालत होती, दुखत होतं, असं तिन्ही लिहा. तिसरं गाळू नका."

तो म्हणाला, "तिसऱ्याला वहीत रकाना नाही."

"मग समासात लिहा."

त्याने लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं.

म्हणजे उद्या माझ्याजवळ रजा नाही, पाठ अर्धी आहे, आणि समोरच्या वकिलाच्या हातात माझ्याविरुद्धचा कागद आहे. आणि तुझ्या हातात चिमटा आहे, तो मीच दिलेला. दुखणं कामावरचं नाही, घरचं आहे, एवढं तू म्हटलंस की खेळ संपला. मी अशी कोपऱ्यात कधी सापडले नव्हते. रात्री झोपायला कूस घेतली, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, तू सांगितलंस तशी, तरी मनाला कुठलीच कूस आरामाची सापडणार नाही आज.

हे लिहून संपवत होते तोवर काकू तुझी चिठ्ठी घेऊन आल्या. कागद ओला होता. साबणाचा वास येत होता त्याला.

"ताई, खांब पाहिला. एक भारा काढून पाहिला. एकच."

एवढंच. पुढे काय, ते तू लिहिलेलं नाहीस. मी विचारत नाही.

ताई


शुक्रवार, सुनावणीच्या खोलीत

(ही चिठ्ठी टेबलावरून सरकवतेय. वकिलाने बघितलं तरी बघू दे.)

आयुक्तांनी मला तीनदा बसायला सांगितलं. बसल्यावर सगळ्यात जास्त दुखतं, हे तुला ठाऊक आहे, त्यांना नाही. म्हणून मी भिंतीला टेकून उभी आहे. त्यांना वाटतंय, मी आव्हान देतेय. वाटू दे.

वकिलाने विचारलं, दुखणं कुठे सुरू झालं. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्यावर ते ओझं टाकणार नव्हते, म्हणून मीच सांगितलं. घरी, चिमटा उचलताना. खोली हसली. ढोलीने कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने तुला विचारलं, झोपून राहिल्याने पाठ बरी होते का? तू म्हणालीस, नाही, बिघडते. माझ्या बाजूच्या बायका तुझ्याकडे कशा बघतायत ते मी बघतेय. वकील म्हणाला, एवढंच विचारायचं होतं.

पहिलं अर्धं झालं, धाकटे. ते खरं आहे, आणि मी उभी राहून त्याला मान डोलावली, सगळ्यांसमोर. माझ्या बायका आता माझ्याकडेही तशाच बघतायत.

तो कागद आवरतोय. तू अजून बसलेलीच आहेस.


शुक्रवार, संध्याकाळ

धाकटे,

तू म्हणालीस, "माझं वाक्य संपलेलं नाही."

वकील म्हणाला, तुम्हाला प्रश्न नाही. तू म्हणालीस, "मला कळलं. उत्तर आहे." आणि मग त्या तुझ्या पातळ, चिठ्ठीसारख्या आवाजात सांगितलंस. खांब. ड्रमचं तोंड. वाकून वळणं. चिमटा हे कारण नाही, त्याने फक्त दिवस ठरवला. बाईला खाटेवर बांधू नका आणि ड्रमजवळही उभी करू नका, तिला मधली जागा द्या, आणि मशीन फिरवा. सगळं मिळून फार तर दहा वाक्यं. मी त्याच गोष्टीवर तासभर बोलले असते. आयुक्तांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" तू उठून उभी राहिलीस, एक हात कंबरेवर ठेवून.

"काल एक भारा काढला," म्हणालीस. "आज बूट घालता आले नाहीत."

तेव्हा मी तुझ्या पायांकडे पाहिलं. सपाता होत्या.

आयुक्त सोमवारी खांब बघायला येणार आहेत. तोवर पाठरजा राहील, आणि "अंथरुणावर" हा शब्द खोडला गेलाय. मशीन फिरेल की नाही, देव जाणे. वकिलाने तुला दाराशी काय म्हटलं ते मी ऐकलं. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, म्हणाला ना? तू नुसती मान हलवलीस. मी तिथेच भाषण सुरू करणार होते, पण तू माझा दंड दाबलास.

जिन्यात कठड्याला धरून आपण दोघी उतरलो. मी कण्हले की तू थांबायचीस, तू कण्हलीस की मी. लहानपणी तू मागे राहायचीस आणि मी "चल ना गं" म्हणून ओढत न्यायचे. आज कुणी कुणाला ओढलं नाही. ढोली मागून म्हणाली, "बघा, दोन तज्ज्ञ!" आणि तुला हसू आलं, आणि हसताना दुखलं, आणि तू मला शिवी दिलीस. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिला शब्द तोंडी बोललीस, तो शिवी. चालेल.

फाटकावर बोललेलं ते वाक्य मी अजूनही परत घेत नाही. पण बहीण आहे हे विसरले म्हणाले होते, ते मात्र जमलं नाही. जमत नाही म्हणून ते आपोआप रद्द.

उद्या ये. पोरीलाही आण. चिमटा अजून स्वयंपाकघरात तिथेच पडलाय, मी हात लावलेला नाही. तो कसा उचलायचा ते तू दाखवणार आहेस, आणि तुला उचलता आला नाही तर आपण दोघी त्याच्याकडे बघत चहा पिऊ.

ढकललंस की दार उघडेल. कडी मी काढून ठेवलीय.

ताई